बोर्डासमोर ग्राफिक्स कार्ड

माणसाच्या आयुष्यात असा एक क्षण येतो, की तत्त्व आणि सुख यांतलं एकच निवडावं लागतं. माझ्या आयुष्यात तो एका मंगळवारी, दुपारची जेवणं उरकल्यावर आला. मी सुख निवडलं. बोर्डाने दोन विरुद्ध एक मतांनी तत्त्व निवडलं. मला मत नव्हतं.

बोर्ड म्हणजे काय, हे आधी सांगायला हवं. आमचे अप्पा फौजेत सिग्नलला होते. सुभेदार म्हणून निवृत्त झाले आणि आष्ट्याला येऊन ऊस लावू लागले. गणवेश त्यांनी ट्रंकेत ठेवला, पण खरेदीची पद्धत ट्रंकेत गेली नाही. फौजेत काही घ्यायचं तर तिघांचं बोर्ड बसतं, तीन दुकानांची दरपत्रकं मागवतात, तुलना होते, सह्या होतात. आमच्या घरातला मिक्सर, पाण्याची टाकी, दोन म्हशी आणि बापूकाकांचा जावई यांची निवड याच पद्धतीने झाली. जावयाच्या बाबतीत तिसरं दरपत्रक वेळेत आलं नाही, ही त्रुटी अप्पांनी वहीत नोंदवून ठेवली होती. ती पुढे त्यांना बऱ्याचदा उपयोगी पडली.

अप्पा अध्यक्ष. बापूकाका, म्हणजे अप्पांचे चुलतभाऊ, हे सदस्य. ते फौजेच्या भांडारात स्टोअरकीपर होते आणि कुठल्याही वस्तूची पारख हातात धरून, वजनावरून करत. मिक्सर त्यांनी असाच निवडला होता. तो अजून चालतो, फक्त उचलायला दोघं लागतात. तिसरी सदस्य आई. फौजेच्या नियमांत हे बसत नव्हतं, पण तिसरा सदस्य उठून चहा टाकणारा असला की बैठक लांबवता येते. बैठक सोप्यात, लोखंडी कॉटवर भरायची. अप्पांच्या मांडीवर लाल कापडी बांधणीची वही असायची. बाहेरून कारखान्याकडे उसाच्या दोन-दोन ट्रॉल्या ओढणारे ट्रॅक्टर जायचे, प्रत्येकाच्या टपावर कपाटाएवढे स्पीकर. एक ट्रॅक्टर गेला की भांडी वाजायची, भिंतीवरची घड्याळं हलायची, आणि अप्पा हात वर करून कामकाज तहकूब करायचे.

कॉम्प्युटर घरी आला तो मी सांगलीला इंजिनिअरिंगला लागले तेव्हा. दुकानदार म्हणाला, "विंडोज टाकून देतो साहेब. त्याचं वेगळं काय घेत न्हाई."

"बिलात लिहिणार?" अप्पांनी विचारलं.

दुकानदार हसला. "बिलात कसं लिहिणार? ते असंच असतंय. सगळेच टाकत्यात."

"म्हंजे चोरीचा माल."

दुकानात आणखी चार गिऱ्हाइकं होती. दुकानदाराने आवाज खाली आणला, अप्पांनी आणला नाही. "ज्याचं बिल न्हाई ते माझ्या उंबऱ्याच्या आत येणार न्हाई." शेवटी आतला मेकॅनिक एक तबकडी घेऊन बाहेर आला आणि म्हणाला, मग विंडोजच्या जागी हे लिनक्स टाका, हे फुकट आहे आणि चोरीचंही नाही. अशी वस्तू जगात असू शकते यावर अप्पांचा विश्वास बसेना. त्यांनी तिचा परवाना छापून मागितला आणि घरी आल्यावर कॉटवर बसून सगळा वाचला. इंग्रजी होता, सव्वा तास लागला. शेवटी चष्मा काढून म्हणाले, "हे लिहिणारा माणूस फौजेतला असणार."

अशा रीतीने आष्ट्यात, उसाच्या पट्ट्यात, मी लिनक्सवर वाढले. आज कानामागे पांढरे केस दिसायला लागल्यावर तरुण सहकारी आदराने विचारतात, की तुम्ही इतक्या लवकर या मार्गाला कशा वळलात. मी सांगते, वडिलांनी बिल मागितलं.

कॉलेजात चार मुलांचा एक संघ होता आणि त्यांना पाचवा खेळाडू हवा होता. पाचजणांनी मिळून समोरच्या पाचजणांचा किल्ला पाडायचा, असा तो कॉम्प्युटरवरचा खेळ. तो लिनक्सवरही चालायचा, हा माझ्या दृष्टीने त्यातला मोठा गुण. मी कॉलेजच्या लॅबमध्ये तो शिकले. बरी खेळायचे, असं नम्रपणे लिहिणार होते. पण त्या चौघांपेक्षा चांगली खेळायचे. संघाचा कप्तान हृषिकेश, सांगलीच्या गावभागातला. शर्ट पँटीत खोचणारा आणि प्रत्येक वाक्य ठरावासारखं बोलणारा. साताऱ्याच्या एका कॉलेजात स्पर्धा होती आणि ज्याने त्याने आपापला कॉम्प्युटर घेऊन यायचं होतं. इथे माझी अडचण होती. आमच्या कॉम्प्युटरला स्वतंत्र ग्राफिक्स कार्ड नव्हतं. चित्र काढायचं काम मदरबोर्डातच बसवलेली एक लहानशी चिप करायची. ती पत्रं टाईप करायला पुरेशी होती. खेळात मात्र तटावरून एक दगड सुटला, की तो खाली पडेपर्यंत मी माठातलं पाणी पिऊन यायचे.

"शीतल," हृषिकेश म्हणाला, "तू उत्तम खेळतेस. तुझा कॉम्प्युटर उत्तम खेळत नाही. स्पर्धा रविवारी आहे. त्याआधीच्या गुरुवारी मी तुझ्या घरी येऊन बघतो. खेळ नीट चालला तर पाचवी तू, नाहीतर तेजस."

तेजसकडे नवंकोरं मशीन होतं. खेळाशी त्याचा परिचय जुजबी होता.

मी अभ्यासाला लागले. कार्डं करणाऱ्या मोठ्या कंपन्या दोन. त्यांची नावं लिहीत नाही, दोघींचे भक्त अजून हयात आहेत. एकीचा डबा हिरवा, दुसरीचा लाल. इंटरनेटचं डोंगल लांब वायरीने माळवदावर नेऊन, रेंज शोधत, मी परदेशातल्या लोकांची भांडणं वाचली. ते एकमेकांना अतिशय सभ्य भाषेत मूर्ख म्हणत होते. सार एवढंच, की कार्ड आणि कॉम्प्युटर यांचं बोलणं जुळवायला मध्ये एक प्रोग्राम लागतो, त्याला ड्रायव्हर म्हणतात. हिरव्याचा ड्रायव्हर झाकलेला. आत काय आहे ते कंपनीलाच ठाऊक. तो वेगळा आणून बसवायचा, आणि लिनक्सची नवी आवृत्ती आली की कधीकधी पडदा काळा. पण वेगवान. लालचा ड्रायव्हर उघडा. जगभरच्या लोकांनी लिहिलेला, लिनक्समध्ये आधीपासूनच असलेला. कार्ड लावा आणि चालू करा. पण जरा सावकाश. मला गुरुवार गाठायचा होता. मला हिरवं हवं होतं.

त्या गुरुवारच्या नऊ दिवस आधी, मंगळवारी, बोर्ड बसलं. दोन दरपत्रकं सांगलीची होती. तिसरं इस्लामपूरच्या दुकानदाराकडून मागवलं होतं, त्याने "असलं कायबी ठेवत न्हाई" असं कळवलं. ते अप्पांनी 'निरंक' म्हणून दाखल करून घेतलं. मग मी उभी राहून विषय मांडला.

"हे हिरवं," अप्पा म्हणाले, "ह्याचा मधला माणूस कॉम्प्युटरशी काय बोलतो, ते आपल्याला कळतं का?"

"न्हाई अप्पा. ते कंपनीला म्हाईत."

"आणि लालचा?"

"त्याचं सगळं उघडं असतं. कुणीबी वाचावं."

"तू वाचलंस?"

"न्हाई."

"मग कोण वाचतं?"

"लोक वाचतात की. जर्मनीतले, कुठले कुठले."

अप्पांनी वहीत लिहिलं : लाल. उघडं. जर्मन लोक वाचतात.

बापूकाकांनी घसा साफ केला. "वजन किती दोगांचं?"

मी सांगितलं. हिरवं चांगलं दीडपट होतं.

"मग इच्यार कसला करताय? माल हाय त्यात. आपुन हिरव्याला."

"काका, त्यात वजनाचा काय संबंध?" असं मी म्हणायला हवं होतं; पण मत माझ्या बाजूचं होतं. मी गप्प राहिले. इतिहासात असं पुष्कळांनी केलं आहे.

अप्पा लालला. एक-एक झालं. सगळ्यांनी आईकडे पाहिलं. तिने मांडीवरचा लसणाचा गड्डा बाजूला ठेवला.

"आवं, मला काय कळतंय त्यातलं? पण आपला मोटारवाला बघा. हिरीवरच्या स्टार्टरच्या पेटीला त्यानं सोताचं कुलूप घातलंय. फ्यूज गेला तरी त्यालाच बोलवायचं, आन् त्यो येतोय कवा, तर उसाची पात वाळल्यावर. जे आपल्याला उघडता येत न्हाई, ते आपलं कसं म्हनायचं? मी लालला."

पुढे नोकरीच्या निमित्ताने मी या विषयावर मोठमोठ्या सभागृहांत तज्ज्ञांची भाषणं ऐकली. सोबत चित्रं होती, आलेख होते. स्टार्टरच्या पेटीच्या पुढे कुणी गेलं नाही. त्या मंगळवारी मात्र मी पाय आपटत परसात गेले आणि म्हशीसमोर रडून घेतलं.

लाल डबा घरी आला. बापूकाकांनी तो हातात तोलला आणि तोंड वाकडं केलं. मग एकेक वस्तू बाहेर काढून तिची वहीत नोंद झाली. कार्ड, एक. तबकडी, एक. पुस्तिका, एक, अकरा भाषांत, पैकी मराठी नाही. शेवटी काडेपेटीएवढा एक पांढरा तुकडा निघाला. एका बाजूला टाचण्या, दुसऱ्या बाजूला भोकं. तिघांनी तो उलटसुलट करून पाहिला. मीही पाहिला. अप्पांनी लिहिलं : अनोळखी नग, एक. "स्टोअरात जमा करा," बापूकाका म्हणाले. स्टोअर म्हणजे आईचं फडताळ. तो नग हिंगाच्या डबीशेजारी गेला.

कार्ड मी बसवलं. आईने त्याला हळदकुंकू लावलं. बटण दाबल्यावर कार्डावरचा पंखा गरगरला आणि सोप्यात समाधानाची लाट पसरली. राहता राहिली मॉनिटरची वायर. तिचं निळं टोक नव्या कार्डाच्या रुंद तोंडात बसेना. "मग जुनी जागा काय वाईट हाय?" अप्पा म्हणाले, आणि त्यांनी ते टोक पहिल्यासारखंच मदरबोर्डाच्या निळ्या भोकात घातलं. हे वाचून ज्यांनी कपाळावर हात मारला असेल, त्यांनी तो अजून थोडा वेळ तिथेच ठेवावा. ट्रॅक्टरच्या हादऱ्याने ही वायर पूर्वी दोनदा ढिली झाली होती. म्हणून या वेळी अप्पांनी स्क्रू पिळून वरून लाख वितळवून ओतली आणि तिच्यावर अंगठी दाबून शिक्का उमटवला. सिग्नलमध्ये शिक्का म्हणजे शिक्का. ज्याने लावला त्यानेच तोडायचा, तोही दोन साक्षीदारांसमोर.

पुढचे चार दिवस शेजारपाजारचे लोक येऊन पडदा बघून गेले. पडद्यावर पहिल्यापासून होता तोच डोंगर होता. "आता कसा डोंगर डोंगरावानी दिसतोय," असं सगळ्यांचं एकमत झालं. बापूकाका हिरव्याच्या बाजूचे, तरी त्यांनीही चित्र लय साफ आल्याचं मोकळ्या मनाने मान्य केलं.

दगड मात्र पूर्वीच्याच वेगाने पडत होता. मी कॉम्प्युटरला आज्ञा देऊन विचारलं, कार्ड दिसतंय का? त्याने नावानिशी सांगितलं, हजर आहे. हजर होतंच. कामावर नव्हतं. बहुतेक घरांत अशा चुकीने पडदा काळाच होतो आणि पाच मिनिटांत घोळ ध्यानात येतो. आमच्या मदरबोर्डात जुनी चिप आणि नवं कार्ड दोन्ही एकाच वेळी चालू ठेवायची सोय होती. मी मात्र रोज कॉलेजातून आल्यावर खेळाची एकेक शोभा कमी करत गेले. आधी सावल्या काढल्या, मग गवत, मग पाणी. शेवटी ओसाड माळावर दोन किल्ले उरले, तरी दगड अडखळतच होता. जेवताना मी आईला टोमणा मारला, "घ्या आता तुमचं उघडं." आईने माझ्या ताटात आणखी एक भरलं वांगं वाढलं. ती रागावली की वाढायची.

गुरुवारी हृषिकेश मोटारसायकलवरून आला. अप्पांनी त्याला आधी जेवायला बसवलं. शाळूची भाकरी आणि खर्डा यांनी त्याच्या डोळ्यांत पाणी आणलं, पण निर्धार ढळला नाही. जेवण झाल्यावर तो माझ्यामागे खुर्ची घेऊन बसला. मी खेळ लावला. दगड सुटला. तो हवेत असतानाच हृषिकेशने घड्याळ पाहिलं.

"शीतल, वाईट वाटून घेऊ नकोस," तो म्हणाला. "मी तेजसला कळवतो."

मी खेळ बंद केला.

"थांबा," कॉटवरून अप्पा म्हणाले. "चौकशी झाल्याबिगर कुणाला काढता येत न्हाई."

"काका, मला सांगलीला परत—"

"तुम्ही साक्षीदार आहात. बसा."

फौजेत तोफ फुटली, रसद हरवली, खेचर दरीत पडलं, तरी तिघांची चौकशी बसते. तेच बोर्ड होतं, नाव फक्त बदललं. माझी जबानी झाली. मी सांगितलं, लाल कार्ड दुबळं आहे. बापूकाका म्हणाले, "वजनात कमी हाय हे म्या तवाच बोललो हुतो, ल्ह्या तसं." मग एक ट्रॅक्टर गेला आणि लावणी संपेपर्यंत चौकशी तहकूब राहिली. नंतर अप्पांनी वही उघडून डब्यातून निघालेल्या वस्तूंची यादी मोठ्याने वाचायला घेतली. हृषिकेश खिडकीबाहेर बघत होता.

"अनोळखी नग, एक."

"त्यो काय लागला?" बापूकाकांनी विचारलं.

"कशाला लागला न्हाई. स्टोअरात हाय."

"मग आना की. न लागलेला नग चौकशीत दाखवावा लागतो. नियम हाय."

आईने फडताळातून नग आणून वहीवर ठेवला. सोप्यात हिंगाचा वास सुटला. हृषिकेशने मान वळवली. नगाकडे पाहिलं. मग उठून कॉम्प्युटरच्या मागे वाकला आणि बराच वेळ तसाच राहिला. त्याचे खांदे हलत होते. आईला वाटलं, पोराला खर्डा बाधला.

"काका," तो कसाबसा म्हणाला, "हा जोड आहे. हा कार्डाच्या तोंडात घालायचा आणि तुमची निळी वायर ह्यात. वायर अजून जुन्या चिपलाच आहे. सगळा खेळ ती चिपच काढतेय. नवं कार्ड नुसता पंखा फिरवतंय."

मला ज्ञानाचा थोडा अभिमान होता, तो त्या क्षणी कुठे गेला ते मला अजून सापडलेलं नाही. बापूकाका छताकडे बघायला लागले. अप्पा उठले, कमरेचा चाकू काढला आणि म्हणाले, "साक्षीदार?"

"आमी हाय," आई म्हणाली.

त्यांनी खाली बसून स्वतःच्या हाताने तो शिक्का तोडला. लाखेचे तुकडे वेचून कागदात बांधले. हृषिकेशने जोड लावला, वायर लावली, स्क्रू पिळले. तोवर अप्पा वहीत लिहीत होते. लिहून झाल्यावर त्यांनी वही आमच्याकडे फिरवली, कारण चौकशीचा निष्कर्ष वाचून दाखवायचा असतो आणि तो वाचून दाखवणं त्यांना नको होतं. दोन ओळी होत्या. कारण : वायर चुकीच्या जागी. जबाबदार : अध्यक्ष. खाली सही आणि पूर्ण हुद्दा. मी माझ्या वडिलांना आयुष्यात पुष्कळदा बरोबर ठरताना पाहिलं. त्यातलं फारसं आठवत नाही.

मी खेळ लावला. गवत, पाणी, सावल्या सगळं परत आणलं. दगड सुटला आणि पडला. पाणी प्यायला वेळ मिळाला नाही.

हृषिकेशने दोन डाव बघितले आणि मोटारसायकलची किल्ली खिशातून काढली. "रविवारी सकाळी नऊला साताऱ्यात," तो म्हणाला. दारात थांबून पुन्हा म्हणाला, "तेजसला मी सांगतो."

रविवारी पहाटेच्या एसटीने आम्ही निघालो. कॉम्प्युटरची पेटी फौजेच्या घोंगडीत गुंडाळून अप्पांनी मांडीवर घेतली होती, मॉनिटर माझ्या मांडीवर होता. कंडक्टर म्हणाला, सामानाचं तिकीट पडेल. अप्पांनी ते आनंदाने काढलं आणि तिकिटावर वजन लिहून मागितलं. कराडला चहा झाला, उंब्रजला पेटीला ऊन लागू नये म्हणून जागा बदलली, आणि साताऱ्याला उतरल्यावर अप्पांनी पहिलं काम केलं ते म्हणजे कंदी पेढे घेतले. निकालाच्या आधी घेतलेले बरे, नंतर गर्दी होते, असं त्यांचं म्हणणं.

उद्घाटन दहाला होतं, पाहुणे साडेअकराला आले. समईची वात पंख्याने चारदा विझली. पाहुण्यांनी पाऊण तास भाषण करून कॉम्प्युटरवरच्या खेळांमुळे तरुण पिढीचं कसं वाटोळं होत आहे हे आम्हांला पटवून दिलं आणि स्पर्धेला शुभेच्छा दिल्या. सभागृहात लिनक्सवर खेळणारी मी एकटी होते आणि मुलगीही मी एकटी होते. त्यामुळे लोक पेटीकडे बघत होते की माझ्याकडे, ते नक्की सांगता येणार नाही. आमचा एकच सामना झाला. मी पूर्वेचा दरवाजा एकटीने पाडला, बुरूज अर्ध्यावर आणला. हृषिकेश "कव्हर, कव्हर" असं ओरडत चुकीच्या दिशेला गेला. बत्तीस मिनिटांनी आमचा किल्ला पडला. कार्ड एकदाही अडखळलं नाही. पेढे सगळ्यांना वाटले गेले, जिंकणाऱ्यांनाही.

आम्ही आष्ट्याला परत येईपर्यंत एसटी स्टँडच्या कोपऱ्यावर फ्लेक्स लागला होता. त्यावर शुभेच्छुक म्हणून चौदाजणांचे फोटो होते. खालच्या कोपऱ्यात माझा होता, कॉलेजच्या ओळखपत्रावरचा. 'आष्ट्याच्या सुकन्येचे साताऱ्यात घवघवीत यश : द्वितीय क्रमांक.' संध्याकाळी सत्कार झाला. शाल, श्रीफळ, आणि बापूकाकांनी हातात तोलून निवडलेलं एक स्मृतिचिन्ह. अप्पांना चार शब्द बोलायला सांगितलं, तेव्हा त्यांनी माईक हातात घेतला आणि सांगितलं, की माणसाने उघडं तेवढंच घरात आणावं, मग यश कुठे जात नाही. टाळ्या पडल्या. आई पहिल्या रांगेत बसून डोळे पुसत होती. स्पर्धेची सविस्तर माहिती कुणी विचारली नाही, आणि मीही ती आपणहून दिली नाही.

स्पर्धेला दोन संघ आले होते.